धिक्कार कुठं म्हणायचा?

लिंबाजीसरांची घोषणा एका श्वासात कधीच संपत नसे. मध्ये थांबावं लागे, आणि ते थांबले की लोकांना वाटे, संपली. मग लोक ओरडत. आणि नको तिथं ओरडत.

दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही वडवणीच्या तहसील कचेरीवर पाण्यासाठी पहिला मोर्चा नेला, तेव्हा हे सगळ्या गावानं पाहिलं. सर पुढं, डोक्याला पांढरा रुमाल, हातात बॅटरीवरचा कर्णा. मागं आम्ही बायका, डोक्यावर रिकामे हंडे. कचेरीच्या दारात सरांनी छाती भरून घेतली आणि सुरुवात केली :

"आंतरराष्ट्रीय वित्तभांडवलाच्या दबावाखाली, सार्वजनिक पाणवठ्यांचं बाजारीकरण करून, कष्टकरी जनतेला तहानेनं व्याकूळ करणाऱ्या नवउदारमतवादाचा..."

इथं श्वास संपला.

बायकांना एवढंच सांगून ठेवलेलं होतं, की सर थांबले की ओरडायचं. ओरडायचे शब्द दोन प्रकारचे होते, 'धिक्कार असो' आणि 'विजय असो'. मागच्या रांगेतल्या बायकांनी जो आधी आठवला तो वापरला.

"विजय असो!"

सर दचकले. घाईनं श्वास घेऊन त्यांनी वाक्य सावरलं, "...कडाडून विरोध करणाऱ्या आपल्या लढाऊ पाणी हक्क समितीचा..."

मघाशी चुकलं हे बायकांना कळलं होतं. त्यांनी चूक सुधारली.

"धिक्कार असो!"

आतल्या शिपायानं 'विजय असो' तेवढं ऐकलं होतं. कुणीतरी पुढारी आलाय असं समजून त्यानं साहेबांना उठवलं. साहेब शर्टाची गुंडी लावत, हात जोडून, स्वागताचं हसू घेऊन बाहेर आले. समोर बघतात तर समिती स्वतःचाच धिक्कार करतेय. साहेबांनी बराच वेळ कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "तुमचा आपसातला वाद असेल तर पोलीस स्टेशन पलीकडं आहे."

गयाबाई रस्त्यातच बसली. हंडा मांडीवर घेऊन, त्याच्यावर हात आपटत हसायला लागली. "आवं सर, धिक्कार कुठं म्हणायचा ते आदी सांगत जा की!"

सर अजिबात ओशाळले नाहीत. खिशातून पेन्सिल काढून म्हणाले, "साथी गयाबाई, हा मुद्दा रास्त आहे. घोषणेची रचना चुकलीय. मध्ये एक पोटवाक्य कमी पडतंय."

आणि त्यांनी घोषणा आणखी लांब केली.

सर आमच्या हायस्कुलात इतिहास-नागरिकशास्त्र शिकवत, मी गणित. त्यांच्या-आमच्या घराची एक भिंत सामाईक. त्यामुळं ते जगाविषयी जे बोलत ते मला शाळेत एकदा आणि भिंतीतून एकदा ऐकू येई. सगळ्यांना ते 'साथी' म्हणत. मला 'साथी मॅडम', आमच्या यांना 'मॅडमचे साथी'. हे एसटीत कंडक्टर. त्यांना ते फार लागे. "मला काय सोताचं नाव न्हाई का?" असं म्हणत, पण मला. सरांना कधीच नाही, कारण सरांना एक शब्द बोललं की त्याचं उत्तर ऐकता ऐकता ड्युटीची गाडी निघून जायची.

लग्न सरांनी केलं नाही. करायचंच नाही असं काही नव्हतं. नातेवाइकांनी विषय काढला की "सध्या चळवळ नाजूक वळणावर आहे, हा विषय पुढच्या बैठकीत घेऊ" म्हणत. चळवळ वळतच राहिली आणि विषय काढणारी माणसं एकेक करून थकली.

गयाबाईच्या मुलीच्या लग्नात कुणीतरी चूक केली. सरांच्या हातात माईक देऊन म्हणाले, वधूवरांना आशीर्वादाचे दोन शब्द. सरांनी निजामाच्या शेतसाऱ्यापासून सुरुवात केली. स्वातंत्र्य आलं, धरणं आली, कारखाने आले, मग परदेशी कंपन्या आल्या, तोवर नवरदेव खाली बसला होता आणि नवरीनं भिंतीला डोकं टेकलं होतं. वाढपी पत्रावळ्या घेऊन ताटकळत होते. शेवटी सर नवरीकडं वळून इतक्या मायेनं म्हणाले, "तुमचा संसार सहकारी तत्त्वावर चालो," की गयाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. का आलं हे तिलाही सांगता आलं नाही. "काय म्हनलं ते कळालं न्हाई," ती नाक पुसत म्हणाली, "पर चांगलंच म्हनलं आसंल."

ही गयाबाई आमच्या टँकरच्या रांगेची मुखत्यार. दोन एकर कोरडवाहू, दोन म्हशी आणि ज्ञानोबा नावाचा एक न बोलणारा नवरा एवढा तिचा कारभार. नवरा बोलत नसे कारण त्याच्या वाट्याचंही तीच बोले.

सर आधीपासून बोलके होतेच, पण मोठमोठे शब्द त्यांना अंबाजोगाईत लागले. तिथं कसलंसं अभ्यास शिबिर होतं. कार्यकर्त्यांना नव्या आर्थिक धोरणांची ओळख करून द्यायची, असं. सर तीन दिवस गेले आणि पिशवीभर शब्द घेऊन आले. बाजारीकरण, वित्तभांडवल, नवउदारमतवाद, आणि खाजगीकरण-उदारीकरण-जागतिकीकरण या तिघांचं मिळून 'खाउजा'. हा शेवटचा शब्द त्यांनी रांगेत पहिल्यांदा उच्चारला तेव्हा एका म्हातारीला वाटलं, सर जेवायला बोलावतायत. "आत्ताच खाल्ली बाबा भाकर," ती म्हणाली.

गयाबाईचं मत ठाम होतं. "अंबाजोगाईला गेलते तवर सर चांगले होते."

पण रांगेत दुसरं करायला काय होतं? टँकर सकाळी येतो म्हणायचा आणि दुपारी यायचा. लिंबाखाली बायका बसायच्या आणि सर उभे राहून शिकवायचे. उन्हाळ्याची सुट्टी होती, त्यामुळं त्यांना कुणी अडवणारं नव्हतं. एक दिवस त्यांनी 'नवउदारमतवाद' घेतला.

"ह्यो नवउदार कोन हाय?" गयाबाईनं विचारलं. "कुठल्या गावचा?"

"तो माणूस नाही साथी, तो विचार आहे."

"उदार हाय म्हनता. मग त्याच्या नावानं वरडता कावून? उदार मानूस चांगलाच की!"

सरांनी तो शब्द मनाशी फोडून पाहिला. मग त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की मला वाटलं टँकर दिसला. "कुणाला उदार, हा खरा प्रश्न आहे! बघा, ज्याच्याकडं आहे त्याला मोकळीक, ज्याच्याकडं नाही त्याला शिस्त."

गयाबाईनं तंबाखू मळता मळता विचार केला. "म्हंजी आमच्या दूध सोसायटीच्या चेअरमनवानी. जावयाला उदार, सुनंला काटकसर."

"अगदी! अगदी बरोबर!" सर नाचायचेच बाकी होते. "जावई म्हणजे भांडवल! सून म्हणजे श्रम!"

"आन सासू?"

"सासू म्हणजे..." सरांनी रुमालानं कपाळ पुसलं. "शासनसंस्था."

त्या दिवशी टँकर आला तेव्हा पहिल्यांदाच कुणी हंडा घेऊन पळालं नाही. सगळ्या बायका आपापल्या घरची शासनसंस्था कशी वागते ते सांगत होत्या. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तेव्हा कुठं उठल्या.

अशी ती चळवळ. सर एक शब्द आणत, रांग त्याला आपल्या घरात नेऊन बसवे, आणि तिथून तो बाहेर येई तेव्हा सरांनाही ओळखू येत नसे. मग सर तोच शब्द पुन्हा उचलून घोषणेत घालत. गयाबाई घोषणा छाटायची, सर वाढवायचे. या कामासाठी त्यांनी दोघांची एक उपसमितीही नेमली होती. तिच्या बैठकीत एकमत कधी झालं नाही.

ऊन वाढलं तशा बायका हंडे रांगेत ठेवून कामाला जायला लागल्या. हंडे राखायला कुणीतरी हवं होतं. सर राखायचे. एकदा मी दुपारी डबा द्यायला गेले तर लिंबाखाली एकही माणूस नाही, आणि सर पितळी, स्टीलच्या, प्लॅस्टिकच्या त्या लांबलचक रांगेसमोर हात पाठीमागं बांधून फेऱ्या मारत शिकवतायत. "तर मागच्या तासाला आपण काय पाहिलं?" असं त्यांनी एका हिरव्या घागरीला विचारलं.

"सर, अहो कुणीच नाही इथं!"

"तालीम चाललीय साथी मॅडम," ते जराही न गडबडता म्हणाले. "आणि खरं सांगू? हा वर्ग फार चांगला आहे. मध्येच उठून जात नाही."

मग जारचं प्रकरण आलं.

आमच्या गावाला एक सहकारी दूध संस्था आहे. तिच्या आवारात एक विहीर. गावातले सगळे बोअर कोरडे पडले, पण त्या विहिरीच्या तळाला झरा होता. दुष्काळात दूध आटलं, संस्था जवळजवळ बंदच पडली, पण विहिरीवर संस्थेच्या सभासदांच्या म्हशी पाणी पीत आणि टँकर आला नाही तर आम्ही बायका तिथून पाणी शेंदत असू. एक दिवस फाटकावर नोटीस लागली. वार्षिक सर्वसाधारण सभा. विषयात एक ओळ होती : विहीर व इमारत दीर्घ मुदतीच्या करारानं एका खाजगी कंपनीला देणेबाबत. कंपनी पाणी शुद्ध करून जारमध्ये भरणार आणि विकणार.

चेअरमन मोठे हसरे गृहस्थ होते. कुणाचंही काम 'नाही' म्हणत नसत आणि करतही नसत. ते म्हणाले, "आवं, गावातच जार मिळतील. टँकरची रांग जाईल. विकास म्हनतेत याला."

सरांचा चेहरा पडला. लांब शब्द नाही, काही नाही. नुसते म्हणाले, "ही विहीर जाऊ द्यायची नाही."

पण सभेत बोलायला सभासद असावं लागतं, आणि सभासद व्हायला दुभतं जनावर लागतं. सरांनी सिरसाळ्याच्या बाजारातून म्हैस आणली.

चाऱ्याअभावी लोक दावणी रिकाम्या करत होते त्या दिवसांत सर म्हैस घेऊन वडवणीत शिरले. म्हणजे म्हैस सरांना घेऊन शिरली. दोर सरांच्या मनगटाला गुंडाळलेला होता आणि म्हैस जिकडं सावली दिसेल तिकडं जात होती. वाटेत दोन दुकानांत आणि एका पानटपरीच्या मागं ते जाऊन आले. गाव रस्त्याला उभं राहून हसत होतं. घरासमोर पोचल्यावर सर धापा टाकत मला म्हणाले, "साथी मॅडम, स्वभाव स्वतंत्र आहे, पण संघटनेत येईल."

ती संघटनेत आली नाही. सर धार काढायला बसले की ती बादली उडवायची. सर तिला समजावून सांगायचे, मी भिंतीतून ऐकायची. शेवटी गयाबाई येऊन धार काढून द्यायला लागली. "तिला भाषण नगं वाटतं सर. गप बसा, मंग पान्हा सोडती." सर गप्प बसायचे. दिवसातला तो एवढाच वेळ.

संस्थेनं त्यांना सभासद करून घेतलं, ते चेअरमनांच्या हसण्यामुळं. "घ्या, घ्या. सभेला जरा करमणूक होईल," असं ते म्हणाले म्हणे.

सर्वसाधारण सभा म्हणजे काय ते बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. मंडप, स्टेजवर संचालक, अहवाल कुणी वाचत नाही, प्रत्येक विषयाला "मंजूर? मंजूर!" आणि मग जेवण. जेवणात बुंदी, वरण, वांग्याची भाजी, मठ्ठा. बुंदीचा वास मंडपात यायला लागला की ठराव भराभर मंजूर होतात. पण एक कायदा आहे. ठरावाच्या वेळी ठरावीक सभासद हजर लागतात. जेवण आधी वाढलं तर माणसं पांगतात आणि ठराव बारगळतो. म्हणून जेवण नेहमी शेवटी. हे चेअरमनांना माहीत होतं. सर वर्षानुवर्षं नागरिकशास्त्र शिकवत होते. त्यांनाही माहीत होतं.

आम्ही बायका सभासद नव्हतो. दूध आम्ही काढायचं, नाव नवऱ्याचं. तरी गयाबाईच्या मागं आम्ही साठसत्तर जणी मंडपाच्या कडेला हंडे उपडे घालून त्यांच्यावर बसलो. कुणी काही म्हणालं नाही. म्हणायला गेलं असतं तर त्याच्याच घरी संध्याकाळची भाकरी थापली गेली नसती.

विहिरीचा विषय आला. कंपनीचा एक टायवाला पोरगेलासा साहेब स्टेजवर उभा राहून गोड बोलला. चेअरमन म्हणाले, "तर मंडळी, विषय मंजूर हाय का?"

"मं..." एवढं निघालं, आणि सर उभे राहिले.

मंडपभर "आरं देवा!" असा सूर उठला.

"पोटनियमाप्रमाणे सभासदाला ठरावावर मत मांडायचा अधिकार आहे," सर म्हणाले आणि सुरू झाले. निजामाच्या शेतसाऱ्यापासून.

पहिली घटकाभर लोक हसले. मग जांभया दिल्या. मग बुंदीचा वास आला. चेअरमन म्हणाले, "सर, आटपतं घ्या." सर म्हणाले, "प्रस्तावनेकडून विषयाकडं येतोय." कुणीतरी माईक बंद केला. सरांनी पिशवीतून कर्णा काढला. दोघंतिघं उठून जेवणाकडं निघाले तर चेअरमनच ओरडले, "आरं बसा बे, गणपूर्ती मोडंल!" तेव्हा कुठं गावाच्या लक्षात आलं. सर थांबल्याशिवाय ठराव नाही, आणि ठरावाशिवाय बुंदी नाही.

आमचे हे आयुष्यभर सरांच्या भाषणाला नावं ठेवत आले. रजा काढून ते सभेला आले होते, मंडपाच्या मागं उभे. ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "आज सरांची लांबी कामाला आली."

सर जगभर हिंडले. कुठल्या कुठल्या देशांत नद्या कशा विकल्या, कारखाने कसे उठले, सगळं. ऊन कललं. कर्ण्याची बॅटरी उतरली. गयाबाई मधूनमधून तांब्याभर पाणी नेऊन देत होती. आणि मग सरांचं जग संपलं. जेवढे देश ठाऊक होते तेवढे सगळे होऊन गेले. सर गोंधळून इकडंतिकडं बघायला लागले, आणि विहिरीकडं त्यांची नजर गेली.

"ही विहीर," ते म्हणाले. आवाज बसला होता. "ही मोठ्या दुष्काळात खणली. कामावर माझी आई होती. गयाबाईंची सासू होती. त्या काळी आमच्या वस्तीतल्या बायांना गावच्या आडावर हंडा लावू देत नव्हते. लांबून वाढायचे. इथं खणताना मात्र एक घमेलं दोघींनी मिळून उचललं. पाणी लागलं तेव्हा मुकादम म्हणाला, पहिला हंडा कुणाचा? कुणाला काही सुचेना. मग गयाबाईंची सासू म्हणाली, ही सोसायटीची हीर हाय, जिचा हंडा जवळ तिनं भरावा. माझ्या आईचा जवळ होता."

मंडपात वाढपीसुद्धा हलले नाहीत. टायवाल्या साहेबानं पाण्याची बाटली तोंडाला लावली होती, ती तशीच खाली घेतली.

आणि त्या शांततेत ज्ञानोबा, गयाबाईचा न बोलणारा नवरा, उठून उभा राहिला. सगळ्या गावानं माना वळवल्या. त्याचा आवाज कसा आहे हेसुद्धा अर्ध्या लोकांना माहीत नव्हतं.

"सायेब," तो टायवाल्याला म्हणाला, "करार झाल्यावर आमच्या म्हशीनं पानी कुठं प्यायाचं?"

टायवाला प्रामाणिक होता. त्यानं कागद चाळले. "जनावरांना आवारात प्रवेश देता येणार नाही. शुद्धतेचा प्रश्न आहे."

"मंग दुधाच्या सोसायटीत म्हैस यायची न्हाई?"

"तुम्ही जार घेऊ शकता."

"म्हशीला? जार?"

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळा मंडप फुटला. सभासदांच्या डोळ्यांसमोर म्हैस होती, तिच्या समोर निळा जार होता. कुणी ओरडलं, "नळी लावून पाजायची का?" कुणी म्हणालं, "आन चेअरमन धरनार का जार?" हसणं ओसरलं तसा राग वर आला. किती वर्षांचा करार? आम्ही कधी ठरवलं? विहिरीवर पंप किती बसणार? पाऊस आला तरी शेजारच्या बोअरला पाणी राहील का? ज्यांनी आयुष्यात 'मंजूर'खेरीज शब्द काढला नव्हता ते प्रश्न विचारत होते. चेअरमन हसत होते, पण आता एकटेच.

गयाबाई हंड्यावर उभी राहिली. हात वर करून सरांकडं बघितलं. घोषणा द्यायचा मान सरांचा होता. सरांनी तोंड उघडलं, आणि नुसता वारा बाहेर आला. आवाज पार गेला होता. आंतरराष्ट्रीय नाही, वित्तभांडवल नाही, काही नाही. त्यांनी गयाबाईला हातानं खूण केली, तूच दे.

"हीर कुनाची?" गयाबाई ओरडली.

"आमची!"

कुणी चुकलं नाही. कुठं म्हणायचं ते कुणाला विचारावं लागलं नाही. पुरुष, बायका, वाढपी, सगळे. सर दोन्ही हातांनी पेन्सिल शोधत होते, बहुतेक त्यात एक पोटवाक्य घालायला, पण कुणी थांबलंच नाही.

विषय तहकूब झाला. नामंजूर नाही, तहकूब. असल्या सभांत एवढा शब्द मिळाला तरी पुष्कळ. कंपनी पुन्हा आली नाही. पुढच्या सभेत काही सभासदांनी आपल्या बायकांची नावं लावली, पहिलं ज्ञानोबानं. त्या दिवशी मात्र बुंदी गार झाली होती आणि ती सगळ्यांनी खाल्ली, चेअरमनांनीसुद्धा. सर खाऊ शकले नाहीत. घसा इतका सुजला होता की आठवडाभर ते मठ्ठ्यावर होते आणि गावात विलक्षण शांतता होती.

मग दोन वर्षं चांगला पाऊस झाला.

तलाव भरला, नळाला पाणी आलं, टँकर बंद झाले. बायका शेतात गेल्या. शेजारच्या दोनतीन गावांतून माणसं येऊन सरांना "तुमी काय केलं ते आमाला सांगा" म्हणून घेऊन गेली, पण तीही पेरणी लागल्यावर यायची थांबली. समितीची बैठक दर रविवारी असे. सर त्यांच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या ओसरीत सतरंजी टाकत, कोपरे नीट करत, आणि बसत. पहिल्या रविवारी पाच जण आले. नंतर मी आणि गयाबाई. नंतर गयाबाईला नातू झाला. एका रविवारी मी यांच्याबरोबर बीडला गेलते. परतताना एसटीच्या खिडकीतून दिसलं, सर एकटेच सतरंजीची घडी घालत होते. मोठी सतरंजी एकट्याला नीट घडी घालता येत नाही. एक टोक पायाखाली धरून ते दुसरं ओढत होते.

याच काळात भिंतीतून येणारा आवाज बदलला. संध्याकाळी सर म्हशीला वैरण टाकत. ती भाकड झाली होती, गावानं विका म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. तिच्याशी बोलत. मी भाषणच असणार म्हणून कानाडोळा करायची. एकदा वाळत घातलेले कपडे काढताना ऐकू आलं. "आज पिठलं केलतं. खारट झालं. दोन वेळचं केलतं, आता उद्या पण तेच." मग नुसती वैरणीची सळसळ. मग, "शाळेत कुणी काही बोललं नाही आज." इतकी छोटी वाक्यं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. कपडे तसेच हातात धरून मी उभी राहिले, आणि मग आवाज न करता आत आले.

त्यानंतर चारसहा दिवसांनी सर आमच्या दारात आले. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पिशवी.

"साथी मॅडम, नळाला पाणी येतंय?"

"येतंय सर."

"रोज?"

"रोज येतं. सकाळी दीड तास."

"दाब कमी असेल."

"नाही हो. वरच्या टाकीत चढतं आपोआप."

"असं." ते उंबऱ्याबाहेरच उभे होते. पिशवीचा बंद एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "गढूळ वगैरे?"

"नितळ आहे."

"बरं झालं," ते म्हणाले. "फार बरं झालं. यासाठीच तर केलं आपण." आणि हसले. माणसानं स्टेशनवर कुणाला तरी घ्यायला जावं आणि गाडीतून कुणी उतरूच नये, तसे. मग वळले.

ओट्याची पहिली पायरी ते उतरले तेव्हा मी म्हणाले, "सर, पाणी येतं, पण जरासा वास येतो."

ते थांबले. "कसला वास?"

"तेच कळत नाही. तुम्ही बघता का?"

मी माठातून ग्लासभर पाणी आणून दिलं. आमचे हे आतून बाहेर आले. "कसला वास? मी आत्ताच प्यालो, कुठाय..." मी त्यांच्याकडं नुसतं पाहिलं. बावीस वर्षांच्या संसारात त्यांना ते पाहणं कळतं. ते म्हणाले, "हां. येतो की. कालपासून येतो."

सरांनी ग्लास उजेडाकडं धरला. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. त्यांनी हुंगलं. घोटभर प्याले, आणि डोळे मिटून बराच वेळ तोंडात धरून ठेवलं. मग माझ्याकडं पाहिलं, मग यांच्याकडं. त्यांना कळलं होतं. मला दिसलं की त्यांना कळलंय.

"येतोय," ते हळूच म्हणाले. "थोडासा येतोय."

"बसा ना मग," हे म्हणाले आणि स्वतःची खुर्ची पुढं केली. "साथी, चहा घेणार ना?"

सर चपला काढून आत आले.